दारासमोर गाडी लावू नये

आमच्या बाई पेशंटला आधी "काय होतंय?" असं कधीच विचारायच्या नाहीत. त्यांचा पहिला प्रश्न, "कशानं आलात?" रिक्षानं, जीपनं, एसटीनं, जे काय उत्तर येईल त्याच्यावर दुसरा प्रश्न ठरलेला. "आणि गाडी कुठं लावली?"

कळा येऊन राहिलेल्या बाईला हे विचारणारी डॉक्टर लातुरात दुसरी नव्हती. नवीन माणूस पार गोंधळून जायचा. म्हातारी सासू बरोबर असली तर माझ्याकडे बघून डोळ्यांनीच विचारायची, बाईंचं डोकं ठिकाणावर हाय ना? मी म्हणायची, "सांगून टाका मावशी, त्याशिवाय पुढं जायच्या न्हाईत." हे खोटं होतं. बोलता बोलता बाईंचा हात पेशंटच्या नाडीवर गेलेला असायचा आणि निम्मी तपासणी उरकलेलीही असायची.

मी मुदखेडची. नर्सिंग पुरं करून त्यांच्या दवाखान्यात लागले ती भूकंपाच्या आधी थोडे दिवस. बाई मूळच्या नांदेडच्या. लग्न केलेलं नव्हतं. खाली तपासणी, वरच्या मजल्यावर बाळंतिणीच्या खाटा आणि त्याच्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. ठेंगण्या, सावळ्या, सुती पातळावर पांढरा कोट, आणि पायात कापडी बूट. पातळाखाली बूट बघून लोक हसायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. "चपलेनं पळता येतं का?" म्हणायच्या.

कोटाच्या उजव्या खिशात तपासायची नळी असायची आणि डाव्या खिशात पंक्चरवाल्याकडून मागून आणलेली एक बोटभर चावी. गाडीच्या चाकातला व्हॉल्व्ह काढायची.

दवाखाना होता एका गल्लीत. दोन जीपा समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावं लागायचं, एवढी ती रुंद. दाराच्या भिंतीवर बाईंनी स्वतः रंगवून घेतलं होतं, ‘दवाखान्याचे दार आहे. समोर गाडी लावू नये.’ तरी लोक लावायचे. मग बाई औषधाच्या चिठ्ठीचा कागद घ्यायच्या आणि लिहायच्या, "पेशंट : निळी मारुती. तक्रार : दारात पडून राहते. सल्ला : ताबडतोब हालचाल." खाली झोकदार सही. ती चिठ्ठी समोरच्या काचेवर चिकटपट्टीनं लावायच्या. चांगली आडवीउभी, जखमेवर लावावी तशी. निघता निघायची नाही.

चिठ्ठीनं भागलं नाही तर चावी. तीही एका चाकाला नाही, दोन चाकांना. "एकाला स्टेपनी असते, सिस्टर," मला शिकवल्यासारखं सांगायच्या. "दोघांना कोणी ठेवत न्हाई." काढलेले व्हॉल्व्ह कापसात ठेवून वर आणायच्या आणि लेबर रूमच्या बाहेरच्या टेबलावर एका ट्रेमध्ये ठेवायच्या. मालकानं वर यायचं, बाईंचं ऐकून घ्यायचं आणि आपले व्हॉल्व्ह घेऊन जायचं. ऐकून घ्यायला फार वेळ लागायचा नाही, पण त्यात आवाज असा असायचा की चांगले मिशीवाले ठेकेदार खाली बघत जिना उतरायचे.

लोक म्हणतात, भूकंपानंतर बाईंच्या डोक्यात हे बसलं. मला तसं वाटत नाही. मी आले तेव्हाच त्या दारातल्या हातगाड्यांशी भांडत होत्या. पण भूकंपाच्या दिवशी जे झालं ते मी पाहिलेलं आहे, तेही सांगायला पाहिजे.

पहाटे सगळं लातूर रस्त्यावर आलं होतं. दिवस वर आला तशा किल्लारीच्या बाजूनं गाड्या यायला लागल्या. सरकारी दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा खासगी डॉक्टरांनी दारं उघडली. आमच्या गल्लीतही गाड्या शिरल्या. काही जखमींच्या होत्या. काही मदत करायला निघालेल्यांच्या, आणि काही नुसत्या बघायला निघालेल्यांच्या. त्या सगळ्यांच्या मागं, गल्लीच्या तोंडाशी, एक टेम्पो अडकला. त्यात कमरेपासून खाली चेंगरलेली एक बाई होती. आमच्या बाई धावत टेम्पोपर्यंत गेल्या, मी मागोमाग सलाईन घेऊन. टेम्पोतच सुई लावली. दवाखान्याचं दार तिथून दिसत होतं. तिला त्या दारात नेता आलं नाही, ती टेम्पोतच गेली. बाई टेम्पोतून उतरल्या, पुढच्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी एकदा जोरात हात आपटला आणि परत आत जाऊन दुसऱ्या जखमींना टाके घालायला बसल्या.

पुढं लातूरचं नाव शिकवणीसाठी गाजायला लागलं. आमच्या समोरच्या घरात एका भौतिकशास्त्राच्या सरांनी क्लास काढला. आधी खालच्या खोलीत, मग गच्चीवर पत्रे टाकून, मग सगळं पाडून तीन मजली. नांदेड, बीड, परभणी, कुठून कुठून पोरं यायची. एक बॅच सुटायची आणि दुसरी भरायची तेव्हा गल्लीत नुसत्या सायकली आणि लुना. त्यात नवीन बाकं घेऊन ट्रक यायचे, खानावळीचा किराणा घेऊन टेम्पो यायचे, प्रवेशाच्या दिवसांत पालकांच्या जीपा यायच्या. सर माणूस वाईट नव्हते. बाई क्लासात गेल्या की उठून उभे राहायचे, शिपायाला पाठवून सायकली बाजूला करायचे. अर्ध्या तासात पुन्हा होतं तसं.

बाई वाहतूक शाखेला फोन करायच्या. तिकडून म्हणायचे, माणूस पाठवतो. कधीतरी एक जमादार यायचे. पोट सुटलेले, बोलायला गोड, चहा घेतल्याशिवाय न जाणारे. एकदा ते म्हणाले, "बाई, तुमचा बोर्ड तुम्हीच रंगवलेला. त्याला कायद्यात किंमत न्हाई. आणि मोठ्या गाड्यांना दिवसा बंदी हाय ती मेन रोडला. ही गल्ली त्याच्यात येत न्हाई. हवा सोडून तुम्ही कायदा हातात कशाला घेऊन राहिल्या?"

बाई म्हणाल्या, "तुमच्या हातात दिसला न्हाई जमादार. पडलेला दिसला, म्हणून उचलला."

जमादार हसले. मीही हसले. सगळ्या गल्लीत ते वाक्य फिरलं.

जूनचा महिना होता, प्रवेशाचे दिवस. सकाळपासून बाईंचा पारा चढलेला. सरांच्या क्लाससाठी बाकं आली होती आणि तो ट्रक गल्लीच्या तोंडाशीच उभा करून हमाल एकेक बाक खांद्यावर आत नेत होते. सकाळी एक पेशंट त्यामुळे मेन रोडवर उतरून चालत आली होती. बाईंनी दोनदा फोन केला. माणूस पाठवतो, असंच उत्तर.

दुपारी बाई एका अवघड बाळंतपणात होत्या. तेव्हाच जळकोटकडची एक मुलगी आली. पहिलंच बाळंतपण, बरोबर तिचे वडील आणि आई. बाई गुंतलेल्या, म्हणून मीच तिला खाटेवर घेतलं, मीच तपासलं. कशानं आलात, हे तिला कोणीच विचारलं नाही.

आधीची बाळंतीण मोकळी झाल्यावर बाई हात धुऊन जरा वारा खायला खाली गेल्या. मी वरच होते. थोड्या वेळानं आल्या त्या धापा टाकत, कपाळाला आठ्या. कोटाच्या खिशातून कापूस काढला आणि ट्रेमध्ये टाकला. दोन व्हॉल्व्ह.

"चिठ्ठी लावली होती का?" मी विचारलं.

"आज चिठ्ठ्या लिहायचा दिवस न्हाई, सिस्टर," त्या म्हणाल्या आणि त्या मुलीकडं वळल्या.

मुलीचं बाळंतपण नीट झालं. मुलगी झाली. चांगली रडली. आजीनं बाहेरूनच हात जोडले. मी बाळ पुसून गुंडाळत होते, तेवढ्यात बाईंचा आवाज बदललेला ऐकू आला. "सिस्टर, इंजेक्शन." मी दिलं. "आणखी एक." तेही दिलं. रक्त थांबत नव्हतं. गर्भपिशवी आवळून यायला पाहिजे ती येत नव्हती. बाई पोट चोळत होत्या, दाबत होत्या, आणि मुलीचे ओठ पांढरे पडत चालले होते. आमच्याकडं रक्त नव्हतं. त्या काळी कोणाकडंच नसायचं.

"सरकारी दवाखान्यात हलवायचं," बाई म्हणाल्या. "आत्ता. बाहेर विचार, गाडी हाय का."

मी दार उघडलं. मुलीचे वडील समोरच उभे होते. धोतर, डोक्याला टॉवेल, हातात औषधांची पिशवी.

"दादा, गाडी हाय का तुमच्याकडं?"

"हाव, हाय की," ते घाईनं म्हणाले. "आधी लांब लावली होती, शाळेपाशी. मग म्हणलं येळ सांगून येत न्हाई, म्हणून ट्रकवाल्याला जरा मागं घ्यायला लावून दारातच आणून ठेवली. मग मेडिकलला गेलो."

माझी नजर ट्रेकडं गेली. तिथून वर उचलवेना. आतून बाईंनी विचारलं, "कोणती गाडी?"

"जीप हाय बाई. पांढरी."

मी मागं वळून पाहिलं. बाईंचे दोन्ही हात मुलीच्या पोटावर होते. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. फक्त त्यांनी डोळे एकदा मिटले आणि उघडले. म्हणाल्या, "ती चालायची न्हाई. स्ट्रेचर काढ."

"का बरं चालायची न्हाई? आत्ता तर..." ते बोलत होते आणि मी स्ट्रेचर ओढत होते. दुसरी गाडी बोलवायची तरी गल्लीत शिरणार कशी? व्हॉल्व्ह परत बसवले तरी हवा भरायचा पंप कोपऱ्यावरच्या दुकानात, आणि मधे सगळी गल्ली सायकलींनी भरलेली.

जिना उतरताना दोघांनी स्ट्रेचर धरलं, वडिलांनी आणि आमच्या वॉर्डबॉयनं. बाई बाजूनं वाकून चालत होत्या, एक मूठ खालून आणि एक हात पोटावरून, पिशवी दोन हातांत घट्ट दाबून धरलेली. तेवढ्यानंच काय ते रक्त अडत होतं. हात सोडला की संपलं. मी सलाईनची बाटली उंच धरली होती.

दाराबाहेर ती जीप एका अंगावर बसल्यासारखी उभी होती. वडिलांनी पाहिलं. तोंडातून एक शिवी गेली. "कोणत्या भाड्यानं केलं रे हे?" "चला," बाई म्हणाल्या.

पण चालायला जागाच नव्हती. जीपच्या पुढं सायकली एकीत एक गुंतलेल्या. बाईंनी मान वर केली आणि समोरच्या इमारतीकडं बघून ओरडल्या, "सर!" इतका मोठा आवाज त्या ठेंगण्या देहातून येईल असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या मजल्याच्या खिडकीत सर आले, हातात खडू. त्यांनी एकदा खाली पाहिलं. दुसऱ्या क्षणी सगळी बॅच जिन्यावरून खाली. पोरांनी सायकली उचलून डोक्यावरून मागं दिल्या, भिंतीवर टेकवल्या, गटारात ढकलल्या. स्ट्रेचरपुढं वाट होत गेली. फक्त सायकलींचा खडखडाट आणि बाई मधूनच म्हणत होत्या, "पोरी, डोळे उघडे ठेव. माझ्याकडं बघ. माझ्याकडं."

गल्लीच्या तोंडाशी तो ट्रक. निम्मी बाकं उतरलेली, निम्मी आत. सर पुढं धावले होते. ड्रायव्हरला म्हणाले, "बाकं राहू द्या. हिला न्या." हमालांनी स्ट्रेचर वर घेतलं आणि बाकांच्या मधल्या जागेत ठेवलं. बाई चढणार कशा? हात तर सोडता येत नव्हते. दोन हमालांनी त्यांना काखेत धरून तसंच उचललं आणि स्ट्रेचरच्या बाजूला गुडघ्यांवर बसवलं. त्या दिवशी लातूरच्या मेन रोडनं दिवसाढवळ्या एक ट्रक हॉर्न वाजवत गेला. चौकात आमचे ते जमादार उभे होते. त्यांनी शिट्टी तोंडात घातली, ट्रकमध्ये पाहिलं, आणि मग वळून दुसऱ्या बाजूच्या गाड्या हातानं थांबवल्या.

मुलगी वाचली. रक्त मिळालं, ऑपरेशन झालं. पण गर्भपिशवी काढावी लागली. लवकर पोचलो असतो तर पिशवी वाचली असती का, हे कोणालाच सांगता येणार नाही. तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं नाही. बाईंनी मात्र त्यांना ते तीनदा विचारलं.

संध्याकाळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर मुलीच्या वडिलांनी बाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझी लेक हातात धरून आणली तुम्ही," म्हणाले आणि रडायला लागले. बाई त्यांना सांगायलाच आल्या होत्या, मला माहीत होतं. पण त्यांनी वडिलांना उठवून बाकावर बसवलं आणि तशाच बाहेर निघाल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "उद्या सांगते." सगळा रस्ता आपल्या हातांकडं बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत दोन जीपा भरून माणसं आली. मुलीचा नवरा, दीर, गावचे लोक. त्यांची खात्री होती की हवा क्लासच्या पोरांनी सोडली. नवरा तरुण, शाळेत मास्तर होता म्हणे, पण त्या वेळी त्याचे डोळे लाल होते. ते क्लासच्या जिन्यावर चढले. "कोणत्या पोरानं सोडली ते बाहेर काढा! न्हाई तर आम्ही काढतो!" वर बॅच भरलेली. पोरं बाकांखाली शिरायला लागली. सर दारात दोन्ही हात पसरून उभे होते. जमादारही आले होते, पण एकटे.

बाई खाली उतरल्या. मी मागं होते. जमादारांनी त्यांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही आत जा. सगळ्यांना वाटून राहिलंय की पोरांनीच केलं. कोण्या पोराचं नाव कोणालाच माहीत न्हाई. आपोआप थंड होईल." सरांनीही वरून हात केला, जा जा, असा.

बाई गर्दीतून थेट जिन्याशी गेल्या. "पोरांना सोडा," म्हणाल्या. "हवा मी सोडली."

कोणाला आधी कळलंच नाही. नवरा म्हणाला, "काय?"

"दारात गाडी दिसली. कोणाची हाय ते विचारलं न्हाई. दोन चाकांचे व्हॉल्व्ह काढून वर नेले. मी."

तो जिना उतरून खाली आला. त्याचा हात वर गेला, हे मी पाहिलं. बाई मागं सरल्या नाहीत. तेवढ्यात मुलीचे वडील मधे आले आणि त्यांनी जावयाचं मनगट धरलं. मग ते बाईंकडं वळले.

"काल सांगितलं न्हाई तुम्ही," म्हणाले.

"न्हाई. धीर झाला न्हाई."

"माझी लेक घेऊन पळाल्या बी तुम्हीच, आणि गाडी बसवली बी तुम्हीच. आता म्या राग कुणावर धरावा बाई?"

बाईंनी मान खाली घातली. त्या दिवसापर्यंत मी त्यांची मान खाली गेलेली कधी पाहिली नव्हती.

नवऱ्यानं पोलिसात तक्रार दिली. बाईंनी जबाबात सगळं जसंच्या तसं सांगितलं. वकील लावला नाही. पुढं वडिलांनीच जावयाला समजावलं असावं, तक्रार मागं घेतली गेली. तो जावई मात्र मुलीला पुढच्या तपासणीला दुसरीकडं घेऊन गेला. बाईंनी मला त्या बाळाचं वजन कळतंय का बघ, म्हणून दोनदा चौकशी करायला लावली. कळलं नाही.

चावी त्यांनी पंक्चरवाल्याला परत दिली. मग नगरपालिकेत आणि वाहतूक शाखेत खेटे सुरू झाले. भांडायला नाही. बाकावर बसून राहायच्या, साहेब मोकळे होईपर्यंत. सरही बरोबर जायचे. वर्षभरानं गल्लीला नियम लागला. माल उतरवायचा तो पहिली बॅच भरायच्या आत, गाड्या एकाच बाजूला, आणि दवाखान्याच्या दारासमोर सरकारी बोर्ड. एक शिपाईही मिळाला, नवीन भरती झालेला, पावती पुस्तक घेऊन उत्साहानं फिरणारा.

तो शिपाई बाईंना वैतागला. दारात गाडी दिसली की तो पावती फाडायला घ्यायचा आणि बाई म्हणायच्या, "थांब." मग त्या वरच्या खाटांवर विचारून यायच्या. नंतर समोरच्या इमारतीत. तिन्ही मजले चढून, चालू तासात दार ढकलून, "लाल गाडी कोणाची हाय? घरी कोणी आजारी हाय का?" पोरं उठून उभी राहायची. कोणीच नाही म्हटल्यावर खाली येऊन शिपायाला सांगायच्या, "हं, आता फाड." शिपाई म्हणायचा, "बाई, तेवढ्यात गाडी निघून जाते." बाई म्हणायच्या, "जाऊ दे की. जायलाच पाहिजे होती ना?"

थकल्यावर त्यांनी दवाखाना हाताखाली तयार झालेल्या एका डॉक्टर मुलीच्या हवाली केला आणि नांदेडला बहिणीच्या सोसायटीत राहायला गेल्या. मी मुदखेडला आईकडं आले की जाऊन यायची. शेवटची गेले तेव्हा त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. आम्ही चहा घेत होतो. खाली एक टेम्पो आला आणि फाटकातच आडवा लागला. कोणाचं तरी सामान आलं होतं, कपाट, दिवाण, फ्रिज. दुसरी एकही गाडी आत-बाहेर होणार नाही, असा. बाई उठल्या, भिंतीला धरत गॅलरीत गेल्या.

"किती वेळ लागेल रे?"

"अर्धा तास तरी लागंल आजी," खालून ड्रायव्हर म्हणाला. "दुसरीकडून सामान वर चढवता येत न्हाई."

बाईंनी थोडा विचार केला. "बरं. चढव. पण चावी गाडीलाच ठेव, आणि लांब जाऊ नको. कोणाला दवाखान्यात जायचं निघालं तर मी वरून हाक मारते."

मला म्हणाल्या, "खुर्ची दे." मी खुर्ची आणून दिली. त्या कठड्याला हात लावून बसल्या, आणि एकेका दाराकडं, एकेका खिडकीकडं बघू लागल्या. चहा निवून गेला. मी काही बोलले तर हातानंच गप्प करायच्या. माझ्या गाडीची वेळ झाली, मी वाकून नमस्कार केला, तेव्हाही त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. टेम्पोतलं कपाट अजून उतरायचं होतं.